बॉनेटवरचे चार पट्टे

काकांच्या हातात डायरी होती, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सहा वर्षांची काळी सेडान, स्वतः धुतात, स्वतः पुसतात. दसऱ्याच्या आधी त्यांनी माझ्याकडून सीलंट, म्हणजे रंगाला जपणारा आणि पाणी घसरवणारा पातळ थर, मारून घेतलं होतं. मी सहा महिने टिकेल म्हणालो होतो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ते धायरीतल्या माझ्या गॅरेजवर आले आणि म्हणाले, "पाणी आता घसरत नाही. पसरतं. तीन महिने आणि नऊ दिवस झालेत."

असं कुणी बोललं की माझा पहिला संशय सोसायटीतल्या गाडी पुसणाऱ्यावर जातो. एक बादली, एक फडकं, त्यात दहा गाड्या. पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर घासायची आणि महिन्याला पाचशे रुपये घ्यायचे. दुसरा संशय टँकरच्या पाण्यावर. आमच्या भागातलं पाणी काचेवर वाळलं की पांढरा डाग सोडतं आणि तो डाग सीलंटवर बसला की सीलंट असूनही नसल्यासारखं वागतं. पण काकांच्या गाडीला पुसणारा नव्हता आणि डागही दिसत नव्हते. मी डिकी उघडायला सांगितली. गिऱ्हाईक गाडीला काय चोळतं ते डिकीत सापडतं.

सापडलं. लेबलवर 'वॅक्स' हातभर लांबून वाचता येईल एवढं, आणि त्याच्या वर बारीक अक्षरात 'क्लीनर'. झाकण उघडून वास घेतला, रॉकेलच्या जवळचा. थेंबभर दोन बोटांत चोळला. आधी मऊ लागतं, मग अगदी खाली, पिठात राहिलेल्या रव्यापेक्षाही बारीक अशी खरखर. मी बाटली बंद केली आणि मनातल्या मनात केस जिंकली.

इथे थोडं सांगायला हवं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण चाळीस मायक्रॉनचा असतो. माणसाच्या केसाइतकाही जाड नाही. त्याच्यावर सीलंटचा जो थर बसतो तो एका मायक्रॉनच्याही आतला. तो कृत्रिम पॉलिमरचा असतो, स्वच्छ उघड्या क्लिअर कोटला धरून बसतो आणि पक्का व्हायला बारा ते चोवीस तास घेतो. क्लीनर वॅक्सचं काम उलटं. त्यात विरघळवणारं द्रावण असतं, बारीक घासणारी पूड असते आणि शेवटी थोडं मेण असतं. आधी वरचं सगळं खरवडायचं, मग आपलं मेण सोडून जायचं. आठ वर्षं उन्हात उभ्या असलेल्या, रंग विटलेल्या गाडीला ते अमृत आहे. नव्या सीलंटवर मारलं तर सीलंट हाही त्याच्या लेखी मळच.

शोरूमवाले तर कुठल्याही पांढऱ्या क्रीमला 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणतात. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना, तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. आपली बॉनेट भट्टीत घालायची कुणाची तयारी असेल तर बोला. असो.

मी काकांना म्हणालो, "तुमच्या वॅक्सनेच सीलंट खाल्लंय. दाखवतो."

तो शनिवार होता. बॉनेट धुतली, रंगात रुतलेले कण उचलणारा क्ले, म्हणजे चिकणमातीसारखा गोळा फिरवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून चाचपून बघितली. उघड्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, कण न् कण लागतो. मग मशीनवर सगळ्यात मऊ पॅड लावून हलकं पॉलिश केलं आणि आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दोनदा पुसून घेतलं, म्हणजे पॉलिशमधलं तेल राहून फसवाफसवी नको. मास्किंग टेप लावून चार पट्टे पाडले. पहिल्यावर नुसतं सीलंट. दुसऱ्यावर सीलंट, आणि रात्रभर पक्कं झाल्यावर शुद्ध कार्नोबा मेण. तिसऱ्यावर सीलंट, आणि सकाळी काकांच्या बाटलीतलं क्लीनर वॅक्स. चौथ्यावर आधी क्लीनर वॅक्स आणि आयपीएने न पुसता त्याच्यावरच सीलंट, कारण असंही करणारे पुष्कळ आहेत.

कार्नोबाबद्दल एवढंच की ते ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून येतं आणि नुसतं असेल तर दगडासारखं टणक असतं. म्हणून डबीतल्या शुद्ध मेणातही ते मऊ करायला द्रावण असतंच. घासणारी पूड मात्र नसते. तरीसुद्धा सीलंट ओलं असताना ते वर लावायचं नाही, द्रावण खालचा थर ढवळून टाकतं. रात्र जाऊ द्यायची. ही एक रात्र जाऊ न देणारे किती तरी जण मी बघितलेत, त्यात दुकान थाटून बसलेलेही आहेत.

माझ्याकडचा पोरगा टेप लावता लावता म्हणाला, "दादा, तिसऱ्या पट्ट्यावर पण पाणी उभं राहणार की. मेण आहे त्यात."

मी त्याला म्हणालो, "तू टेप सरळ लाव."

रविवारी सकाळी काका साडेनऊला हजर. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्याचं काम उरकून तासभर थांबलो, टेप काढल्या आणि पाइप धरला. पहिल्या पट्ट्यावरून पाणी एकत्र होऊन सरकन खाली गेलं. दुसऱ्यावर उंच, गोल, ज्वारीच्या दाण्याएवढे थेंब, बघत राहावेत असे. तिसऱ्यावरही उंच, गोल, ज्वारीच्या दाण्याएवढे. चौथ्यावरही.

पोरगा बादली उचलून पाठीमागे गेला. हसायलाच गेला असणार.

काका वाकले, चष्मा कपाळावर घेतला आणि दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. "यांत फरक काय?"

फरक होता, दिसत नव्हता. पाण्याला वरचा थर कळतो, खाली काय शिल्लक आहे ते कळत नाही. तिसऱ्या पट्ट्यावर मला क्लीनर वॅक्सनं सोडलेलं ताजं मेण दिसत होतं आणि ते पहिल्या दिवशी उत्तमच दिसणार. हे मला ठाऊक होतं. पंधरा वर्षं हेच काम करतोय. पण जिंकायच्या घाईत मी अशी परीक्षा घेतली जिचं उत्तर पहिल्या दिवशी येतच नाही. मी हे सगळं काकांना सांगितलं, म्हणजे सांगायला लागलो. त्यांनी मध्येच फोन काढला.

"हा तुमचाच मेसेज ना? चौदा ऑक्टोबर."

माझाच होता. 'काका, महिन्यातून एकदा वरून वॅक्स मारत जा, चमक टिकेल.' पुढे अंगठा.

"मी दुकानात गेलो, वॅक्स द्या म्हणालो. त्यांनी हे दिलं. वर वॅक्स लिहिलंय. महिन्यातून एकदा कमी पडतंय असं वाटलं म्हणून पंधरा दिवसांनी मारलं. सहा वेळा." डायरीत सहाही तारखा होत्या, पुढे 'चमक चांगली' असा शेरा.

मला त्या क्षणी दुकानदाराचा राग आला. तो सोपा राग होता. शुद्ध मेण आणि क्लीनर वॅक्स एकाच फळीवर, एकाच रंगाच्या डब्यांत, आणि विकणाऱ्याला दोन्ही सारखंच. पण मेसेज माझा होता आणि त्यात 'कुठलं' हा एक शब्द नव्हता.

ठरलं असं की पट्टे तसेच ठेवायचे. काका दर रविवारी एकाच शॅम्पूने धुणार, काहीही लावणार नाहीत आणि सहा आठवड्यांनी येणार. मार्चच्या पहिल्या रविवारी आले. चौथा पट्टा मेला होता, पाणी त्यावर आळशासारखं पडून राहत होतं. खाली मेण होतं, सीलंटला धरायला काही मिळालंच नाही, मेण गेलं तेव्हा तेही गेलं. पहिला तसाच सरकन. दुसऱ्यावरचे थेंब जरा बसके झाले होते, म्हणजे मेण झिजलं होतं, पण पाणी पळत होतं.

तिसरा पट्टा ठिगळं लावल्यासारखा. मधल्या भागात पाणी घसरत होतं, कडेला, जिथे हात जास्त जोरात फिरला असणार, तिथे पसरत होतं.

"बघा, खाल्लं," मी म्हणालो.

"अर्धं," काका म्हणाले. "एकदा लावून अर्धं राहिलं."

"एकदा लावून. तुम्ही सहा वेळा लावलंत."

"ते अनुमान झालं. मोजमाप नाही."

खरं होतं. सहा वेळा लावल्यावर काहीच उरलं नसणार याची मला पक्की खात्री आहे. पण मी जे त्यांच्यापुढे सिद्ध केलं ते एवढंच होतं. दसऱ्याला माझं काम कसं झालं होतं, आयपीएने पुसून घेतलं होतं की गर्दीत एखादा दरवाजा तसाच राहिला, हे मला आठवत नाही. त्या आठवड्यात अकरा गाड्या होत्या.

बाकीची गाडी मी फुकट करून दिली. काका पैसे देत होते, घेतले नाहीत, मग त्यांनी पोराच्या हातात दोनशे रुपये ठेवले. क्लीनर वॅक्सची बाटली त्यांनी टाकली नाही. मार्करने तिच्यावर लिहिलं, 'वर्षातून एकदा. सीलंटच्या आधी. नंतर आयपीए.' बॉनेटला मात्र हात लावू दिला नाही. पावसाळ्यात बघू म्हणाले.

आता मे संपत आलाय. ऊन, धूळ, दर रविवारी त्याच शॅम्पूचं धुणं आणि दर रविवारी मला फोटो. आज सकाळचा मेसेज असा: 'पट्टा १, वरची कड, पाणी रेंगाळते आहे. पट्टा २ ठीक. येऊन बघणार का?'