खुळखुळा सापडला नाही तो दिवस

डायपर बदलायला घेतलं की तो अंग ताठ करायचा. चौदा महिन्यांचा मुलगा, एरवी हसरा, पण टेबलावर ठेवला की पाठीची कमान करून रडायचा. मग मी त्याच्या हातात खुळखुळा द्यायचे आणि तो तिकडे बघतोय तोवर भराभर उरकून घ्यायचे. पाळणाघरात आमच्या खोलीत सहा मुलं आणि आम्ही दोघी. माझा हात झपझप चालतो याचा मला अभिमान होता.

त्या दिवशी खुळखुळा धुवायला गेला होता. तो रडतोय, माझ्याकडे द्यायला काही नाही. तेव्हा प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं. हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला लहानग्यांसाठी बालगृह सुरू केलं. तिथे बाळांना सांभाळणाऱ्यांना शिकवलं जायचं की आपण काय करणार आहोत ते बाळाला आधी सांगायचं, मग त्याच्या प्रतिसादाची वाट बघायची. ऐकताना मला ते पटलं नव्हतं. सहा मुलं असताना वाट कुठली बघता?

एक हात त्याच्या पोटावर ठेवला, दुसरा त्याला दिसेल असा पुढे धरला. म्हटलं, "आता पँट काढू या. पाय वर कर." आणि थांबले. मनात आकडे मोजत होते. सातपर्यंत पोचले असेन, रडणं थांबलं. तो माझ्या हाताकडे बघत होता. मग उजवा पाय उचलला, टेबलापासून जेमतेम चार बोटं.

"आता दुसरा." त्याने पुन्हा तोच उचलला. मी डाव्या पायाला हलकेच बोट लावलं, पुन्हा थांबले. डावा आला.

पण मी खरी चकित झाले ती यानंतर. ओला कपडा हातात घेऊन म्हणाले, "गार लागेल हं." कपडा अजून टेकलाही नव्हता आणि त्याने पोट आत ओढलं. त्याला 'गार' कळत होतं! बोलायला दोनच शब्द येणारं हे मूल किती शब्द मनात साठवून होतं आणि मी त्याला खुळखुळ्यात गुंतवत होते. बोलण्याच्या कितीतरी आधी मुलांना समजू लागतं, हे मला पाठ होतं. डोळ्यांनी बघितलं ते त्या दिवशी.

सगळ्याला नेहमीपेक्षा मिनिट-दीड मिनिट जास्त लागलं असेल, एवढंच.

रात्री घरी हिशोब केला. दिवसाला सहा डायपर धरले, तरी अडीच वर्षांत एका मुलाचे पाच हजारांच्या वर होतात. एवढ्या वेळा एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी समोर उभं असतं, तोंडासमोर तोंड. माझ्या हातून त्यातल्या किती वेळा वाया गेल्या, या विचाराने झोप लागेना.

आजही दोन मुलं एकदम रडू लागली की माझी घाई होते. पण कुणालाही मागून अचानक उचलायचं नाही, समोर येऊन आधी सांगायचं, एवढं घाईतही पाळते. बाही घालताना हात ओढत नाही; बाहीच्या तोंडाशी बोटं धरून "हात कुठे गेला?" विचारते, मुलं स्वतः हात पुढे ढकलतात.

तो दुसऱ्या दिवशीही रडला, पण थोडाच. संध्याकाळी त्याच्या आईला 'गार'ची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ताई, मी पण आंघोळीला सांगून बघते." आठवड्याभराने मी ओला कपडा उचलला, तर तोच माझ्याआधी म्हणाला, "गा!"