तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला गरब्याला पाठवावं का?

भाद्रपद संपत आला की बडोद्यातल्या मराठी घरांतून हा प्रश्न येतोच. मुलीला बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार उतरतो असा आजार) आहे, लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू आहे, सध्या तब्येत चांगली आहे. नवरात्रात गरब्याला जाऊ द्यावं का?

जाऊ द्या. सगळ्या मैत्रिणी मैदानावर आणि ही एकटी घरात, हे विशीतल्या मुलीला फार लागतं. पण नऊच्या नऊ रात्री नकोत. मला विचाराल तर तीन, आणि त्याही लागोपाठ नकोत. झोपमोड हे मॅनियाचं, म्हणजे मूड अति चढण्याचं, लक्षण तर आहेच, पण पुष्कळदा सुरुवातही तिथूनच होते. गरबा बाराला थांबला तरी पार्किंगमधली गर्दी आणि मग नाश्ता धरून घरी यायला दीड वाजतो. म्हणून सकाळपासून उलटं मोजा: ७.३० ला उठायचं तर ११ ला मैदान सोडायचं. उठायची वेळ हलवू नका. अकरापर्यंत लोळू दिलं की पुढच्या रात्री झोप येत नाही.

घोळ होतो तो गोळीच्या वेळेचा. रात्री ९ ची गोळी ‘आल्यावर घेते’ म्हणत दीडला घेतली जाते. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी करायची असते. सकाळी ९ ला रक्त दिलं तर साडेसातच तास झालेले असतात. पातळी उगाच जास्त दिसते आणि नीट चाललेला डोस कमी केला जातो. क्वेटायापिनसारखी झोप आणणारी गोळी असेल तर त्या रात्रींची वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

दुसरं, उपवास. घरात घट बसले की आईबरोबर मुलगीही उपवास धरते, कधी अळणी, आणि वर तीन तास घाम. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. तेव्हा उपवास नको. पाण्याची बाटली सोबत आणि जेवणात नेहमीइतकं मीठ. पाय दुखले तर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका, त्यांनीही पातळी वाढते. पॅरासिटामॉल चालतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, अडखळती जीभ, झोकांड्या यांतलं काही दिसलं तर पुढचा डोस न देता तडक दवाखाना गाठा.

उशिरा झोपून सकाळी डोळे चोळत उठली तर काळजी नको. चार तास झोपून टवटवीत, बोलण्याचा वेग वाढलेला, पाचवी चनियाचोळी ऑर्डर झालेली, असं लागोपाठ दोन दिवस दिसलं तर अष्टमी-नवमीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

आणि हो, पाठोपाठ येणारी तक्रार: ‘नाचायला जमतं, मग सबमिशन का होत नाही?’ गरब्याच्या स्टेप्स अंगवळणी पडलेल्या असतात, शिवाय पुढे नाचणाऱ्याकडे बघून पाय उचलता येतो. सबमिशनला लागते ती एकाग्रता, वाचलेलं लक्षात ठेवणं, कामाची आखणी. मूड ताळ्यावर आल्यावरही हे सगळं कित्येक महिने मंद राहू शकतं. त्याला आळस म्हणू नका. ‘प्रोजेक्ट पूर्ण कर’ असं सांगण्यापेक्षा कागदावर लिहून द्या: आज दोन पानं वाचणं, उद्या आकृती, परवा मजकूर. एका बैठकीला पाऊण तास पुरे, आणि तो रोज त्याच वेळी.