उभी तर्जनी

मागच्या महिन्यात कोणीतरी माझ्या नकळत मोबाइलवर माझे गिटारवादन टिपले आणि नंतर ते मलाच दाखवले, तेव्हा वादनापेक्षा माझे लक्ष एका चमत्कारिक गोष्टीकडे गेले. जी मेजरची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांची जुळणी, आली की माझ्या डाव्या हाताची तर्जनी तारांपासून दूर होते आणि एखाद्या वर्गशिक्षिकेने दम भरावा तशी ताठ उभी राहते. कॉर्ड बदलली की ती मुकाट्याने खाली येऊन कामाला लागते, आणि पुन्हा जी आली की पुन्हा उभी. तर्जन म्हणजे धाक घालणे आणि ते काम करणारे बोट म्हणून ती तर्जनी, हे शाळेत शिकवले होते. पण माझी तर्जनी गेली पंचवीस वर्षे गिटारलाच धाक घालत आली आहे, याचा मला पत्ता नव्हता.

या खोडीचा उगम शोधायला फार लांब जावे लागले नाही. मी गिटार शिकले ती माझ्या आतेभावाकडे पाहून. दादाने मला शिकवले असे म्हणता येणार नाही. तो सुट्टीत वाजवत बसे आणि मी समोर बसून त्याच्या बोटांकडे टक लावून पाहत असे. त्या सुट्टीत त्याची तर्जनी कापली होती आणि तिच्यावर भले मोठे बँडेज होते. त्यामुळे तो मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांच्यावर जी मेजर धरायचा आणि जखमी बोट तारांना लागू नये म्हणून वर उचलून ठेवायचा. तर्जनीवाचून भागेल अशा दोन-तीनच कॉर्ड त्याला वाजवता येत असल्याने त्या सुट्टीत जी मेजर फार वाजली. बाकीच्या कॉर्ड मी नंतर पुस्तकातून शिकले, म्हणून त्या मी सभ्यपणे धरते. दादाची जखम पंधरा दिवसांत भरली. माझ्या हातात ती अजून आहे.

तेव्हापासून मला नादच लागला आहे. कोणाचेही वादन ऐकताना या बोटांत आणखी कोण कोण बसले असेल, असा प्रश्न पडतो, आणि नामवंत वादकांच्या बाबतीत या प्रश्नाची उत्तरे बऱ्याचदा नोंदलेली असल्यामुळे ती शोधत बसण्यात संध्याकाळी निघून जातात.

एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. ज्याला ऐकून आपण गिटार हातात घेतो तो, आणि ज्याची छाप आपल्या हातावर राहते तो, हे बहुधा दोन वेगळे लोक असतात. ब्रिटनमध्ये १९५६ साली लॉनी डॉनेगन यांच्या स्किफल संगीताने पोरे वेडी झाली. तीन कॉर्ड येणारी एक गिटार, कपडे घासायची पन्हाळी पाटी आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी व दोरी लावून केलेला बेस, एवढ्या भांडवलावर गल्लोगल्ली वाद्यवृंद उभे राहिले. जॉन लेनन यांचा शाळकरी वयातला वाद्यवृंदही त्यांतलाच. मात्र ‘हा डॉनेगनच्या शैलीत वाजवतो’ असे पुढे कोणाबद्दल म्हटले गेल्याचे मी ऐकलेले नाही. त्यांनी मुलांना सांगितले ते एवढेच, की हे तुम्हालाही जमेल. नंतर १९६० च्या आसपास शॅडोज या वाद्यवृंदातले चष्मा लावणारे हँक मार्विन आले. त्यांच्या गिटारवरची धून एकेका स्वराची, स्वच्छ, गुणगुणता येईल अशी असे, आणि जे गुणगुणता येते ते तारांवर चाचपडत शोधताही येते. डेव्हिड गिल्मर, ब्रायन मे आणि मार्क नॉफ्लर या एकमेकांशी न जुळणाऱ्या तिघा नामवंत गिटारवादकांनीही मार्विन यांचे ऋण मान्य केले आहे. अतिशय अवघड वाजवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांना ऐकून मला गिटार उचलाविशी वाटत नाही, पेटीत ठेवाविशी वाटते.

हातावर राहणाऱ्या छापेची सगळ्यात मनोरंजक कथा अंगठ्याची आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात, आर्नल्ड शुल्ट्झ नावाचे एक कृष्णवर्णीय वादक होते. खाणीत काम करायचे आणि गावोगाव वाजवत हिंडायचे, असा त्यांचा क्रम. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका चालू ठेवायचा आणि त्याच हाताच्या बोटांनी वरच्या तारांवर धून वाजवायची, ही त्या भागातली रीत त्यांच्याकडून केनेडी जोन्स यांनी घेतली, जोन्स यांच्याकडून ती मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांच्याकडे आली आणि त्या दोघांना पाहत मर्ल ट्रॅव्हिस शिकले. ट्रॅव्हिस रेडिओवर वाजवू लागले आणि जगभर ती रीत त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शुल्ट्झ १९३१ साली वारले, आणि त्यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. म्हणजे आज गिटारच्या प्रत्येक प्राथमिक वर्गात ज्यांचा अंगठा हजेरी लावतो, त्यांचा आवाज ऐकलेले कोणी उरलेले नाही.

पुढची गंमत रेडिओनेच केली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस चेट ॲटकिन्स या किशोरवयीन मुलाने ट्रॅव्हिस यांना रेडिओवर ऐकले. ट्रॅव्हिस अंगठा आणि केवळ तर्जनी, एवढ्यावर सगळा कारभार चालवत असत. पण रेडिओतून हात दिसत नाहीत. ॲटकिन्स यांनी ऐकून अंदाज बांधला, की एवढे सगळे वाजवायचे तर अंगठ्याबरोबर दोन-तीन बोटे तरी लागत असणार, आणि तशी मेहनत सुरू केली. आपला अंदाज चुकला होता हे त्यांना कळेपर्यंत त्या चुकीची एक स्वतंत्र शैली झाली होती, आणि मूळ शैलीपेक्षा ती अधिक लवचीक होती. १९६२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात टॉमी इमॅन्युएल या सात वर्षांच्या मुलाने ॲटकिन्स यांना ऐकले तेही रेडिओवरच. त्याने पुढे ॲटकिन्स यांना पत्र लिहिले, त्यांनी उत्तर दिले, आणि बऱ्याच वर्षांनी दोघे एकत्र वाजवायला बसले. मातीच्या मूर्तीसमोर शिकणाऱ्या एकलव्याला शेवटी अंगठा द्यावा लागला. रेडिओसमोर शिकणाऱ्या या मंडळींना मात्र तो मिळाला.

अंगठ्याचाच विषय निघाला आहे, तर एलिझाबेथ कॉटन यांना वगळून पुढे जाता येत नाही. त्या डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवत, त्यामुळे सगळेच उलटे होई: खर्ज बोटांवर आणि धून अंगठ्यावर. आयुष्याचा मोठा भाग त्यांचा घरकामात गेला. सीगर या लोकसंगीतकारांच्या कुटुंबात त्या कामाला होत्या, आणि तिथे भिंतीवरची गिटार त्यांनी एक दिवस हातात घेतली, तेव्हा त्या घराला कळले की आपल्या घरात कोण वावरते आहे. त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण १९५८ साली निघाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांच्या रचना आज असंख्य लोक वाजवतात, पण सरळ धरलेल्या गिटारवर, म्हणजे आरशात पाहिल्यासारख्या. (शास्त्रीय गिटारला मोठ्या सभागृहांत मान मिळवून देणारे स्पेनचे आंद्रेस सेगोव्हिया आणि कॉटन या दोघांचाही जन्म १८९३ चा आणि मृत्यू जून १९८७ चा. यातून काहीही सिद्ध होत नाही, पण मला ही नोंद सोडवत नाही.)

न जमण्याचेही मोठे उपकार असतात. बी. बी. किंग यांचे मावसभाऊ की चुलतभाऊ, इंग्रजी नात्यांत ते कळायची सोय नाही, पण बुका व्हाइट नावाचे एक बंधू होते आणि ते तारांवरून स्लाइड, म्हणजे बोटात घालायची नळी, सरकवून, आपण जिला मींड म्हणू तसा, रडवेला स्वर काढत. किंग यांना तो स्वर हवा होता आणि हाताला स्लाइड काही केल्या जमत नव्हती. म्हणून त्यांनी नुसते बोट तारेवर थरथरवून तो परिणाम साधायचा प्रयत्न केला. हीच थरथर पुढे त्यांची ओळख ठरली. एका स्वरावरून माणूस ओळखावा, असे भाग्य फार थोड्या वादकांच्या वाट्याला येते. वेस माँटगमरी यांना दुसऱ्याची नक्कल मात्र जमली, आणि जमली म्हणूनच त्यांची पंचाईत झाली. चार्ली क्रिश्चन यांच्या तबकड्यांवरचे एकल तुकडे त्यांनी जसेच्या तसे पाठ केले होते. मंचावर ते तेवढे वाजवत आणि खाली उतरत, कारण त्यापलीकडे त्यांना काही येतच नव्हते. रात्रीच्या सरावाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, सोडून अंगठ्याने हलके वाजवायला सुरुवात केली, आणि त्या मऊ, गोलसर आवाजाची पुढच्या पिढीने भक्तिभावाने नक्कल केली. त्या नक्कल करणाऱ्यांना शेजारी होते की नाही, हा प्रश्न वेगळा.

गिटारवर गिटारवादकांचीच छाप असते, असेही नाही. क्रिश्चन यांचे तुकडे ऐकताना सॅक्सोफोनची आठवण होते. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यातून राग उभे केले ते अली अकबर खाँ यांच्या सरोदच्या तालमीत. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांचे ध्वनिमुद्रण आले, तेव्हा संतूर आणि बासरीच्या पंक्तीला बसलेले हे वाद्य पाहुणे आहे, असे ऐकणाऱ्याला कुठेच वाटले नाही.

मला माझ्या तर्जनीच्या सर्वांत जवळची वाटते ती मात्र जँगो राइनहार्ट आणि टोनी आयोमी यांची हकिकत. जँगो हे युरोपातल्या भटक्या रोमा समाजातले. १९२८ साली त्यांच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्यांनी एकल वादनाची नवी रीत बसवली आणि पुढच्या दशकात व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांच्या साथीने पॅरिस गाजवले. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या आयोमी यांच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. ते डावखुरे, त्यामुळे गेली ती नेमकी तारा दाबणाऱ्या हाताची. गिटार सुटली, असे धरून बसलेल्या या मुलाकडे कारखान्यातले मुकादम एक तबकडी घेऊन आले. ती ऐकवून झाल्यावर त्यांनी सांगितले, की हा वाजवणारा दोन बोटांनी वाजवतो आहे. एरवी प्रेरणा हा शब्द भाषणात ऐकला की मी अस्वस्थ होते, पण त्या मुकादमांसाठी तो वापरायला माझी हरकत नाही.

आयोमी यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले. तारा दाबायला जड जात, म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या, आणि पुढे, १९७१ पासून, काही रचनांसाठी गिटारच तीन अर्धस्वर खाली उतरवली, म्हणजे तारा आणखी सैल. त्यातून त्यांच्या ब्लॅक सबाथ या वाद्यवृंदाचा तो जड, काळोखा आवाज अधिकच गडद झाला, आणि आज जगभर धडधाकट बोटांची मुले आपल्या गिटारी खाली उतरवतात. तिकडे जँगो यांच्या शैलीचे अभ्यासकही काही तुकडे मुद्दाम दोनच बोटांनी घोटून पाहतात. या सगळ्यांच्या हातांना काहीही झालेले नाही. ते दुसऱ्याची जखम वाजवतात.

अर्थात कोणीतरी कधीतरी थांब म्हणावेही लागते. पाको दे लुसिया लहानपणी स्पेनच्या फ्लामेंको संगीतातले थोर वादक निन्यो रिकार्दो यांची हुबेहूब नक्कल करत. कोवळ्या वयात अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांना साबिकास भेटले आणि या बुजुर्गांनी सल्ला दिला, की दुसऱ्याचे पुरे, आता स्वतःचे वाजव. आपल्याकडे घराण्याची तालीम घेणाऱ्याला असा सल्ला इतक्या लवकर मिळत नाही. तो मिळण्याआधी पाको यांनी रिकार्दो किती घोटले होते, हेही विसरता येत नाही. जे हातात आलेच नाही, ते सोडणार कसे?

आता बोट कुठे ठेवायचे हे चलचित्रात स्पष्ट दिसते, हवे तितके संथ करून पाहता येते. ॲटकिन्स यांच्यासारखी चूक करणे आता जवळपास अशक्य झाले आहे, आणि याचे मला थोडे वाईट वाटते. परंतु समोर बसून पाहण्यात वेगळ्या चुकांना अजून वाव आहे, हे मला नुकतेच कळले.

माझी दहा वर्षांची भाची या सुट्टीत माझ्यासमोर बसून गिटार पाहत होती. मी तिला काही शिकवले नाही. चार दिवसांनी तिने स्वतःच जी मेजर वाजवून दाखवली. स्वर थोडे फुसके होते, पण तर्जनी भाल्यासारखी ताठ उभी होती. मी तिला ती खाली घ्यायला सांगितली, तर तिने एकदा तसे करून पाहिले आणि मान हलवली. “मावशी, हे बोट वर नसलं की जी वाटतच नाही.” पुस्तकातली जी कशी दिसते ते मी तिला समजावणार होते, पण आधी मोबाइल काढला, तिचे वादन टिपले आणि दादाला पाठवून दिले. त्याने गिटार सोडूनही आता बरीच वर्षे झाली. संध्याकाळी त्याचे उत्तर आले: “छान वाजवते की! पण तिच्या बोटाला काय लागलंय?”