सहा ठिपक्यांचा भुंगेरा: सागरेश्वरच्या पायवाटेवरची ओळख

मृगाचा दुसरा पाऊस होऊन गेल्यानंतरच्या सकाळी देवराष्ट्रे गावाच्या बाजूने सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरची टेकडी चढत असताना एक काळाभोर भुंगेरा माझ्या पायापुढून भराभर चालत गेला. लांबीने तो काडेपेटीतल्या काडीएवढा, म्हणजे सुमारे 4 सेंटिमीटर होता आणि त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके होते: दोन वक्षाच्या कडांना, चार पंखांवर. मी वाकून हात पुढे केला, तोच सोबतचे मामा म्हणाले, "हात लावू नगंस. डोळ्यात पिचकारी मारतंय त्ये." मामा कीटकशास्त्र शिकलेले नाहीत, परंतु लहानपणी याच उतारांवर शेरडे राखताना त्यांनी ती पिचकारी अनुभवलेली आहे, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

या भुंगेऱ्याचे शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. 'सेक्सगुट्टाटा' म्हणजे सहा थेंबांची, आणि ज्याने प्रथम हे नाव योजले त्याला या प्राण्याची पाठच आधी दिसली असणार, असे मला वाटते. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा शिष्य असलेल्या फॅब्रिसियसने 1775 मध्ये या जातीचे वर्णन केले, तेव्हा त्याने ती कॅराबस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातली होती. पुढे 1801 मध्ये वेबर या कीटकशास्त्रज्ञाने अँथिया ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि ही जाती तिच्यात गेली. म्हणूनच आजही शास्त्रीय नावापुढे फॅब्रिसियसचे नाव आणि साल कंसात लिहितात. मूळ वर्णनकर्त्याने दिलेली प्रजाती नंतर बदलली, एवढी सगळी हकिकत त्या एका कंसात सामावलेली असते, आणि वर्गीकरणातली ही काटकसर मला फार आवडते.

भुंगेऱ्यांच्या प्रचंड गणात कॅराबिडी हे जमिनीवर शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांचे कुल आहे. त्यात सुमारे 40,000 जाती मोडतात. कुल ओळखण्याची खरी खूण मात्र पाठीवर नसून पोटाच्या बाजूला असते. मागच्या पायांची बुडे शरीराला घट्ट जखडलेली असतात आणि ती उदराच्या पहिल्या दिसणाऱ्या खंडाला मधोमध छेदून त्याचे दोन भाग करतात. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, दोऱ्यासारख्या बारीक व अकरा खंडांच्या असतात, आणि सहाही पायांच्या पावलांना पाच-पाच खंड असतात. पुढच्या पायाच्या नडगीवर आतल्या बाजूने एक खाच असते. तिच्यात शृंगिका अडकवून ओढली की तिच्यावरची माती निघते. त्या सकाळी वाटेतल्या ओल्या मातीतून बाहेर आल्यावर आमचा भुंगेरा थांबला आणि त्याने दोन्ही शृंगिका एकामागून एक अशाच ओढून घेतल्या. वाचलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना पाहण्याचा आनंद मला तेवढ्या अर्ध्या मिनिटात मिळाला.

या जातीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिला उडता येत नाही. इतर बहुतेक भुंगेऱ्यांमध्ये पुढचे कठीण पंख उघडतात आणि त्यांच्याखाली घडी घातलेले पातळ पंख बाहेर येतात. येथे कठीण पंखांची जोडी मधल्या रेषेवर एकमेकांना जुळून एकसंध कवच बनलेली आहे. उड्डाण गेल्यावर उरले ते पळणे, आणि त्यासाठी पाय लांब व भक्कम आहेत. डोके पुढे काढलेले असून जबडे कातरीसारखे आहेत. या कुलातील अनेक जाती भक्ष्य जबड्यांत धरून त्यावर पाचक रस सोडतात आणि विरघळलेला भाग शोषून घेतात, म्हणजे पचनाची सुरुवात तोंडाबाहेरच होते.

पळूनही सुटका झाली नाही, तर उरते ती पिचकारी. उदराच्या टोकाशी ग्रंथींची एक जोडी असते, आणि अँथिया प्रजातीतील भुंगेरे तिच्यातून तीव्र फॉर्मिक आम्ल नेम धरून फवारतात. काही मुंग्या बचावासाठी वापरतात ते आम्ल हेच. कातडीवर पडले तर भाजल्यासारखे होते आणि डोळ्यात गेले तर इजा गंभीर ठरू शकते, म्हणून मुलांना हा भुंगेरा दाखवताना त्यांना चांगले दूरच उभे करावे. पांढरे ठिपके हे रंगाचे डाग नसून दाट, बारीक केसांचे पुंजके आहेत. काळ्या अंगावरचा त्यांचा ठळकपणा शत्रूला आधीच सावध करतो.

हे ठिपके इतके परिणामकारक आहेत की दुसऱ्या एका कीटकाने त्यांची नक्कल केली असावी, असे अभ्यासक मानतात. तो कीटक म्हणजे थेरिया पेटिव्हेरियाना हे सात ठिपक्यांचे रानझुरळ, जे भारतातल्या झुडपी रानांत पालापाचोळ्याखाली राहते. गेल्या वर्षी मी स्वतः अशाच एका झुरळाची नोंद वहीत 'सहा ठिपक्यांचा भुंगेरा' म्हणून केली होती, आणि ती चूक मला या वर्षी खरा भुंगेरा पाहिल्यानंतर उमगली. झुरळाचे डोके वरून पाहताना वक्षाच्या ढालीखाली झाकलेले असते आणि त्याचे पंख एकावर एक चढलेले असतात. भुंगेऱ्याचे डोके मात्र स्पष्ट पुढे आलेले असते आणि पाठीवर मधोमध एक सरळ रेघ जाते. ठिपके मोजण्याच्या घाईत मी ही रेघच पाहिली नव्हती.

अँथिया प्रजातीच्या बहुतेक जाती आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांत आहेत, आणि आपल्याकडची ही जातीदेखील कोरड्या, उघड्या झुडपी रानांतच रमते. सागरेश्वर तसेच आहे: 1985 मध्ये अभयारण्य झालेला 10.87 चौरस किलोमीटरचा हा टापू खैर, बाभूळ, कडुनिंब आणि गवताचा आहे, तर पायथ्याशी ताकारी उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर उभा असलेला ऊस आहे. पंख असलेल्या कीटकाला हा ऊस ओलांडणे अवघड नाही, परंतु ज्याला प्रत्येक वीत चालूनच जावे लागते, त्याच्यासाठी पुढची टेकडी फार लांब पडते. हा विचार मला त्या दिवसापासून सोडत नाही. अभयारण्यात पालापाचोळा न जाळणे आणि दगड उलटून पाहिल्यास ते पुन्हा जागेवर ठेवणे, ही काळजी आपण सर्वांनी घ्यावी, कारण या कुलातील अळ्याही शिकारीच असतात आणि मातीतल्या लहानशा पोकळीत कोष करून त्या भुंगेरा बनतात.

आपल्याला हा भुंगेरा दिसला, तर न उचलता त्याचे दोन फोटो काढावेत. एक थेट वरून, ज्यात पाठीवरची रेघ आणि सहाही ठिपके येतील. आणि दुसरा कडेने, ज्यात डोके व जबडे दिसतील. माझ्याकडे सध्या फक्त वरून घेतलेला एक आहे, तोही थोडा हललेला, कारण तो काढत असताना मामा मला मागे ओढत होते.