मिरगाच्या तोंडावर ब्लेड गेलं तो दिवस

मी सुतार, वेंगुर्ल्याच्या आजूबाजूला कामं करतो. मे महिना संपत आला की फर्निचरचं काम बाजूला राहतं आणि सगळे फोन छपराचे येतात, कुणाचा वासा गेला, कुणाच्या रिपा वाळवीनं खाल्ल्या. त्या वर्षी मिरगाला चार दिवस राहिले होते आणि एका काकींच्या घराचं मागचं पाखं, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, आम्ही पूर्ण उघडं करून बसलो होतो. कौलं उतरवून अंगणात रचलेली, खाली बरोब्बर देवघर. लाईट सकाळपासून नव्हती, पण माझ्याकडे साडेसहा इंची छोटी कॉर्डलेस सर्क्युलर सॉ, म्हणजे बॅटरीवर चालणारी गोल पात्याची करवत आहे, दोन बॅटऱ्या चार्ज करून आणलेल्या, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. वर आडव्याला बसून वासा जागेवर कापता येतो, वायर पायात येत नाही, छपराच्या कामाला या मशीनसारखं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे.

दहाच्या सुमाराला जुना माडाचा वासा कापताना एकदम खण्ण आवाज आला. आत खिळा, वरून काही दिसत नव्हतं, लाकडानं तो गिळून टाकलेला. मशीन थांबवलं, बॅटरी काढली आणि ब्लेड फिरवून बघितलं तर लागोपाठ तीन दातांच्या टिकल्या उडालेल्या. टीसीटी ब्लेडची, म्हणजे दातांना टंगस्टन कार्बाईड लावलेल्या ब्लेडची, ही टिकली लाकडात महिनोन्महिने धार टिकवते पण काचेसारखी ठिसूळ, लोखंडाचा ठोका बसला की तुटते. तसंच चालवायचं म्हणजे तीन दातांचं काम पुढच्या एका दातावर येणार, मशीन धडधडणार आणि छपरावर एका हातानं वासा धरून ते मला करायचं नव्हतं.

भाच्याला बाजारात पिटाळला. सांगितलं, १६५ एमएम, भोक २० एमएम. तो तासाभरात घेऊन आला, दोन्ही मापं बरोबर, मी पण घाईत बाण बघून बसवलं आणि नवी, अजून ओल्या किंजळाच्या लाकडाची रीप खाली घेतली. अर्ध्या रिपेत धूर, कापाच्या दोन्ही कडा काळ्या आणि बॅटरी हाताला चटका बसेल इतकी गरम होऊन मशीन आपोआप बंद. मग पाकीट नीट वाचलं. ६० दाती, ॲल्युमिनियमचं ब्लेड.

चूक माझी, मी पोराला दातांचं सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे दुकानात ब्लेड मागताना माप सांगतात आणि जास्त दात म्हणजे भारी ब्लेड असा समज आहे. ६० दातांमध्ये दोन दातांमधली खाच एवढीशी असते, ओल्या लाकडाचा तंतूतंतूचा भुसा तिथे मावत नाही, तो घासत राहतो आणि तापतो. शिवाय ॲल्युमिनियमच्या ब्लेडचे दात मागे कललेले असतात, ते मुद्दाम, धातूत ब्लेड झडप घालू नये म्हणून. लाकडाला उलट पाहिजे, दात पुढे झुकलेला, लाकूड ओढून घेणारा. वासे, रिपा उभ्याआडव्या पटापट कापायच्या तर २४ दात बास. सनमायका लावलेला प्लाय कापायचा असेल तर ४०च्या पुढे जा, तिथे कड फुटता कामा नये.

काकी खालून विचारत होत्या, "कित्याक रे थांबलास बाबू? ढग बघ खयसून इले ते."

भाच्यानं दुकानात फोन लावला तर लाकडाचं २४ दाती होतं पण सव्वासात इंची. तो म्हणाला, "मामा, गार्ड जरा घासूया, बसतला." दुसऱ्या पोरानं ग्राइंडरला चार इंची लाकडाचं ब्लेड लावूया म्हणून सुचवलं. दोघांनाही मी ओरडलो, मला ओरडायला आवडत नाही पण ओरडलो. ग्राइंडर ११ हजारच्या आसपास आरपीएमनं फिरतो, खाली टेकायला पट्टी नाही, ब्लेड झाकणारं खालचं गार्ड नाही, लाकडात अडकला की उसळून थेट अंगावर. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या कारागिराच्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली आहेत. त्याचा हात बघितल्यापासून माझ्या कामावर हा प्रकार बंद.

शेवटी पाख्यावर ताडपत्री ओढली आणि मी स्वतः कुडाळला गेलो, तुटलेलं ब्लेड पिशवीत घेऊन. तिथे दोन सापडली. एक स्वस्त, १६५ एमएम, २४ दात, पण भोक ३०चं, सोबत २०ची रिंग. रिंग वाईट असते असं नाही, पण बघावं लागतं. मी काउंटरवर जाडी मोजायचा व्हर्नियर मागितला. ब्लेडचं पान १ एमएम आणि रिंग १.४. म्हणजे नट आवळल्यावर दोन्ही बाजूचे वायसर रिंगेला दाबणार, ब्लेडला पकडणारच नाहीत, ब्लेड आत मोकळं सरकत राहणार. दुकानदारालाही दाखवलं, त्यानं दोनदा मोजून बघितलं. दुसरं थेट २०च्या भोकाचं, दात १.६ एमएम रुंद, वर लिहिलेला जास्तीत जास्त आरपीएम माझ्या मशीनच्या ५ हजारपेक्षा बराच वर. किंमत जवळजवळ दुप्पट, घेतलं. बॅटरीच्या मशीनला पातळ ब्लेडच घ्यावं, २.४ एमएमचा काप पाडायचा म्हणजे दीडपट लाकडाचा भुसा करायचा, आणि तो सगळा जोर बॅटरीतून जातो.

साडेतीनला परत वर चढलो. तीच किंजळ, तीच ओली, मशीन हातानं ढकलावं लागलं नाही. राहिलेल्या रिपा आणि दोन वासे एका बॅटरीत झाले, दुसरी लावायची वेळच आली नाही. काळोख व्हायच्या आत शाकारून झालं, कोन्याची चार कौलं तेवढी सकाळवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी येताना जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आलो. आता जुनं लाकूड कापायच्या आधी ते सगळीकडून फिरवतो. उतरवलेल्या वाशांवर फिरवलं तर अकरा जागी चिकटलं. उपटून काढले, चौकोनी, हातानं ठोकलेले खिळे, त्यावर गंज पण फारसा नव्हता. मी ते भंगारात टाकणार एवढ्यात काकी पडवीतून आल्या, "टाकू नको रे, माझ्या सासऱ्यान लोहाराकडसून घडवन घेतलेले ते," म्हणाल्या आणि पदरात घेऊन आत गेल्या.