वारेतले तीन वायू आणि गरोदरपणातला बीपी

वारेत (प्लासेंटात) चेतातंतू नसतात. तिथल्या रक्तवाहिन्या कधी सैल सोडायच्या, कधी आवळायच्या, हे मेंदू ठरवू शकत नाही. ते काम जागच्या जागी तयार होणारे रेणू करतात आणि त्यातले तीन चक्क वायू आहेत: नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो नायट्रिक ऑक्साइडचा. रक्तवाहिनीच्या अस्तरातलं ईनॉस हे एन्झाइम एल-आर्जिनीनपासून तो बनवतं. तो शेजारच्या स्नायुपेशीत शिरतो, तिथे सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, स्नायू सैल पडतो. काही सेकंदांत वायू संपतो.

प्रीएक्लाम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याच्या आजारात, बिघाड सुरू होतो तो फार आधी. गर्भाशयाच्या सर्पिल धमन्या पुरेशा रुंदावत नाहीत. रक्त कमी पडून उपाशी राहिलेली वार मग आईच्या रक्तात एसफ्लिट-१ नावाचं प्रथिन सोडते. ईनॉसला चालू ठेवणारे वाढ-घटक हे प्रथिन पकडून ठेवतं. त्यात सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक रेणू उरलासुरला नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतो. बीपी चढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात. हायड्रोजन सल्फाइड बनवणारं सीएसई एन्झाइमही अशा वारेत कमी आढळलं आहे.

कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट जरा चकवणारी आहे. शरीर तो हीमपासून (हिमोग्लोबिनमधल्या लोहाच्या भागापासून) अगदी थोडा बनवतं. सिगारेट ओढणाऱ्या बायकांत प्रीएक्लाम्पसिया कमी दिसतो. स्वीडनमध्ये तंबाखू ओठाखाली ठेवणाऱ्यांत मात्र तसं दिसलं नाही. त्यामुळे संशय धुरातल्या या वायूवर गेला. पण म्हणून धूर औषध ठरत नाही. गर्भाचं हिमोग्लोबिन हा वायू घट्ट धरून ठेवतं आणि बाळाला प्राणवायू कमी पडतो. आपल्याकडच्या मिश्रीत तर धूरही नाही, नुसता तोटा: मुंबईत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनधुराचा तंबाखू, मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. मिश्री पहिल्याच तपासणीत विचारायला हवी, कारण तिला कुणी 'तंबाखू' म्हणून सांगत नाही.

मग वायूचा परिणाम बाहेरून वाढवला तर? सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) सायक्लिक जीएमपी टिकवून धरतं, म्हणून वाढ खुंटलेल्या गर्भांसाठी ते देऊन पाहिलं. नेदरलँड्समधली चाचणी जुलै २०१८ मध्ये थांबवावी लागली: फायदा नाही, उलट नवजातांच्या फुप्फुसांतल्या रक्तदाबाचा त्रास वाढला. गोळी फक्त वारेत थांबत नाही, नाळेवाटे बाळापर्यंत जाते. आणि अरुंद राहिलेल्या धमन्या एवढ्या उशिरा रुंदावत नाहीत.

म्हणून वेळ साधायची ती आधी. जोखीम जास्त असेल (मागच्या खेपेला प्रीएक्लाम्पसिया, जुना बीपी, मधुमेह, जुळी) तर १६ आठवड्यांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲस्पिरिन सुरू करतात. २०१७ च्या मोठ्या चाचणीत रोज रात्री १५० मिलिग्रॅम, ३६ आठवड्यांपर्यंत, हा डोस होता.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर, कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) दंडाच्या मापाचा. कफ लहान असला की आकडा खोटा चढतो. विसाव्या आठवड्यानंतर चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा वर आला तर त्याच दिवशी दाखवा. १६०/११० असेल, किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर थेट रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.