नकाशा शून्यावर कापला होता

मे 2022 च्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. नाइट शिफ्ट होती, दक्षिण अंदमान समुद्रावर ढगांचा एक गठ्ठा वाढत होता आणि मी हवामानाच्या रिपोर्टमध्ये चक्रीवादळासाठी 'परिस्थिती अनुकूल' असं लिहून मोकळा झालो (आमच्या धंद्यातलं लाडकं वाक्य, कुठेही खपतं). सीनियर मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "समुद्र तर कधीपासून तापलाय रे, मग आत्ताच का?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

त्यांनी होव्हमोलर चार्ट काढायला लावला. आडवं रेखांश, खाली-खाली सरकत जाणारे दिवस, आणि विषुववृत्ताजवळचे ढग रंगाच्या तिरक्या पट्ट्यांत. पट्टा खाली येताना उजवीकडे पळाला तर केल्विन वेव्ह (विषुववृत्तावरून पूर्वेला धावणारी हवेची लहर), ढग बांधून चाललेली असेल तर सेकंदाला साधारण 15 मीटर, म्हणजे दिवसात तेराशे किलोमीटरच्या आसपास. डावीकडे रांगत गेला तर रॉस्बी वेव्ह, म्हणजे पश्चिमेला जाणारी लहर, तिचा वेग बराच कमी. आणि रुंद, आळशी, पूर्वेला सरकणारा पट्टा म्हणजे एमजेओ (मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन, ढग-पावसाचा मोठा फेरा), एक फेरी 30 ते 60 दिवसांची. हे सगळं मी कॉलेजात शिकलेलो, मात्सुनोची 1966 ची या लहरींची समीकरणंसुद्धा घोकलेली, पण परीक्षेनंतर कोण बघतंय.

खरी अडचण अशी की विषुववृत्तावर कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळवणारा जोर) शून्य, 5 अंशांवरसुद्धा 20 अंशांवरच्या जेमतेम पाव, त्यामुळे नुसतं गरम पाणी आणि ढग असले तरी वारा गोल फिरायला लागत नाही, भोवरा कुणीतरी आयता आणून द्यावा लागतो. तो या लहरी देतात. एमजेओ किंवा केल्विनचे ढग पुढे सरकले की मागे विषुववृत्तावर पश्चिमेचे जोरदार वारे लागतात, ऐन मध्यावर सगळ्यात जोर, दोन्ही बाजूंना कमी. या फरकामुळेच उत्तरेला हवा घड्याळाच्या उलट वळते आणि दक्षिणेला घड्याळासारखी, म्हणजे दोन्हीकडे वादळाला हवी तशीच! म्हणून तर 2001 मध्ये वामेई हे वादळ दीड अंशाच्याही आत जन्मलं तेव्हा एवढी चर्चा झाली, तिथे कुठून तरी उसना भोवरा मिळाल्याशिवाय काही होणंच शक्य नाही.

मॅडम म्हणाल्या, "वारे लाव, आणि दक्षिण बाजू दाखव." आता दाखवणार कुठून, माझा नकाशा शून्य अंशावर कापलेला, खालचा समुद्र आपल्या ड्युटीत येत नाही ना! कड खाली ओढली तर विषुववृत्तावर पश्चिमेच्या वाऱ्यांचा लांबच लांब पट्टा, आणि त्याच्या दक्षिणेला आरशात बघावं तसा दुसरा गठ्ठा.

8 मे पर्यंत वर असानी आणि खाली करीम, दोन्ही वादळांना नावं मिळालेली. एकाच सॅटेलाइट फोटोत दोघं, उलटसुलट फिरताना.

रिपोर्टमधलं 'अनुकूल' मी त्याच रात्री खोडलं. नकाशाची खालची कड तेव्हापासून 20 अंश दक्षिणेला आहे, कुणी कुणी जागा वाया जाते म्हणून कुरकुर करतात, करू देत.